सुट्टे

भाडं ३८० येन होतं, आणि ते मला अजून बोचतंय. रक्कम नव्हे, ती कोणी भरली ते.

पश्चिम जपानातल्या डोंगरात धावणारी एका डब्याची डिझेल गाडी. गार्ड नाही, टीसी नाही, उतरायचं त्या स्टेशनावर चिटपाखरू नाही (जपानातली जवळपास निम्मी स्टेशनं आता अशीच बिनमाणसांची आहेत). मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून आकड्याची चिठ्ठी ओढायची, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर त्या आकड्याचं भाडं चढताना बघत बसायचं आणि उतरताना चिठ्ठीसकट नेमके पैसे पेटीत टाकायचे. तोक्योत ज्या कार्डावर मी लोकलपासून केळ्यांपर्यंत सगळं घेतो, ते इथे नुसतं प्लास्टिक. पाकिटात १०,००० ची एकच नोट, आणि पेटीचं सुट्टे करायचं यंत्र १,००० च्या वर काही खात नाही.

नोट जुलै २०२४ मध्ये आलेली, नवी. तिच्यावर शिबुसावा एइइची. या गृहस्थांना जपानी भांडवलशाहीचे जनक म्हणतात. सुमारे ५०० कंपन्यांच्या उभारणीत त्यांचा हात, त्यात रेल्वे कंपन्याही आल्या. त्यांचंच तोंड रेल्वेच्या पेटीला चालेना!

ड्रायव्हरनं टोपी काढली. "सुमिमासेन." म्हणजे माफ करा. मीही म्हटलं, "सुमिमासेन." तो आणखी वाकला. आपला एसटीचा कंडक्टर कसा, "सुट्टे घेऊन चढत जा की!" म्हणून खेकसतो, आपणही दोन शब्द सुनावतो, तो तिकिटामागे बाकी लिहून देतो, मिटलं. वाकलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या आजींनी सूत्रं हातात घेतली. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर शेतातली टोपी, मांडीवरच्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात. बटवा उघडून त्या माझ्या १०,००० चे सुट्टे मोजू लागल्या. नाण्यांत. मोठ्यानं.

"कुठला रे तू?"

"इंदो."

"इंदो!" त्यांनी सगळ्या डब्याला कळवलं. "रोज करी खातोस?"

"रोज नाही."

"मग काय खातोस?"

माझं जपानी बेतास बात, आणि मी मूर्खासारखा पोह्यांवर घसरलो. तांदूळ चपटा करतात, मग भिजवतात, मग परततात.

आजी गंभीर झाल्या. "चपटा कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आजी मात्र मोजणी विसरल्या होत्या. पुन्हा इची, नी, सान. गणवेशातली तीन पोरं मोबाइल सोडून बघत होती, त्यांचेही खिसे आजींनी रिकामे करायला लावले. एकूण जमले ४,१६० येन.

मग आजींनी त्यातले स्वतःचे ३८० निवडले आणि खळ्ळकन पेटीत टाकले. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी माशी हाकलावी तसा मला हाकललाच. ड्रायव्हरनं आभार त्यांचे मानले. मग माइक घेऊन चार मिनिटं उशीर झाल्याबद्दल डब्याची माफी मागितली. डब्यात माणसं पाच. कोणामुळे उशीर, हे सांगायची गरजच नव्हती.

आजींवर राग नाही. पण स्टेशनावर माणूस परवडत नाही, कार्डाचं यंत्रही परवडत नाही, म्हणून सगळा कारभार एका म्हातारीच्या बटव्यावर चालवायचा? आणि वर इतकं वाकायचं, की तक्रार करणाराच असंस्कृत ठरावा?

स्टेशनाबाहेर चहाच्या बाटल्यांचं यंत्र होतं. तेही १,००० पर्यंतच. परतीची गाडी दोन तासांनी. तिच्यातही तीच पेटी असणार, आणि आजी असतीलच असं नाही.