टॅब्लेट बंद केल्यावर थर का चढला? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची कॉमेंट नीट वाचली, राग पण समजला. उत्तर लांबलंय म्हणून वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांचा बायपासजवळ बंगला आहे, नातवंडांसाठी आठ बाय चार मीटरचा पूल बांधलाय, सरासरी खोली एक पॉइंट चार, म्हणजे जवळपास ४५,००० लिटर, आणि सगळं पाणी बोअरचं. टॅब्लेटमुळे पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हात टिकवून धरणारा पदार्थ) साठत जातं, ते फार झालं की पाणी बदला, असा माझा लेख वाचून त्यांनी टीसीसीएच्या (ट्रायक्लोरो, म्हणजे स्टॅबिलायझर मिसळलेल्या क्लोरीनच्या) टॅब्लेट बंद करून लिक्विड क्लोरीन सुरू केलं, आणि महिन्याभरात टाइल्सवर पांढरा थर चढला जो आधी कधीच नव्हता. त्यांचं म्हणणं असं की स्टॅबिलायझरबद्दल मी उगाच घाबरवतेय, जितकं जास्त तितकं क्लोरीन टिकतं. थर आला तर सरळ तेजाब (म्युरिअ‍ॅटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल) मारायचं, त्यांचा पूलवाला वर्षानुवर्षं तेच करतो. आणि ज्या इंदूरमध्ये नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो तिथे "पाणी बदला" असं लिहिताना मला काही वाटायला हवं होतं.

आधी थराचं. तुम्ही जे पाहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. टीसीसीए ही आम्लधर्मी वस्तू आहे, रोज विरघळताना ती पाण्यातली अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) थोडी थोडी खात होती आणि पीएच खाली ठेवत होती, म्हणून कॅल्शियम पाण्यात होतं तरी टाइलवर बसत नव्हतं. लिक्विड क्लोरीन हे काम करत नाही. त्यात बोअरचं पाणी, आपल्या माळव्यातलं, अल्कलिनिटी आधीच भरपूर, तुमचा तो छोटा धबधबा दिवसभर चालू, त्यातून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर चढतो, वरून ऊन, आणि कॅल्शियम कार्बोनेट (थर बहुतेक त्याचाच) तर गरम पाण्यात कमीच विरघळतं. म्हणजे थराचं सामान तुमच्या पाण्यात आधीपासून होतं, टॅब्लेटचं आम्ल त्याला धरून होतं इतकंच. पण त्याच टॅब्लेट दुसरीकडे सायन्युरिक अ‍ॅसिड म्हणजे तुमचं स्टॅबिलायझर साठवत होत्या, आणि ते उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलटा धुताना) जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढंच काय ते कमी होतं.

हिशेब करून बघा. २०० ग्रॅमची एक टॅब्लेट तुमच्या पाण्यात साधारण ४ पीपीएम (लिटरमागे ४ मिलिग्रॅम) क्लोरीन देते आणि सोबत जवळपास अडीच पीपीएम स्टॅबिलायझर सोडून जाते. क्लोरीन दोन दिवसांत संपतं, अडीच तिथेच राहतं. दिवसाआड एक टॅब्लेट म्हटलं तर महिन्याला ३७. तुमच्या टेस्टच्या पट्टीवर शेवटचा रंग आला, १०० च्या वर, यात नवल काहीच नाही. (पट्टीवर फार विसंबू नका. काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतायची ती ट्यूबवाली टेस्ट घ्या, उजेडात, सूर्याकडे पाठ करून. १०० च्या वर असेल तर पूलचं पाणी निम्मं आणि साधं पाणी निम्मं मिसळून मोजायचं आणि आलेला आकडा दुप्पट करायचा.)

आता "जास्त असलं तर क्लोरीन टिकतं". टिकतं, हे बरोबर. स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बहुतेक क्लोरीन दोन तासांत संपतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम हवंच आणि मी पण ठेवतेच. पण ते क्लोरीनला धरून ठेवतं म्हणजे जंतू मारायच्या कामापासूनही धरून ठेवतं. हे गणित १९७४ मध्ये ओब्रायन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडलेलं आहे. घरच्या पूलसाठी वापरायचा सोपा अंदाज असा की फ्री क्लोरीन (टेस्ट किटवर दिसतं ते) स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतं, १२० असेल तर ९ लागतं. तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी टेस्टमध्ये क्लोरीन २ दाखवत होतं तरी पाणी हिरवं झालं आणि टॅब्लेट दुप्पट केल्या तरी फरक पडला नाही, त्याचं कारण हेच आहे. क्लोरीन टेस्टमध्ये दिसत होतं, पण बहुतेक स्टॅबिलायझरने धरलेलं, जंतू मारायला मोकळं नव्हतं. आणि दुप्पट टॅब्लेटने स्टॅबिलायझर पण दुप्पट वेगाने वाढलं. हिरवं पाणी निदान डोळ्याला तरी दिसतं काका, लहान मुलं ज्या पाण्याच्या गुळण्या करतात त्यातले जंतू दिसत नाहीत, मला काळजी त्याची वाटते.

थर आणि स्टॅबिलायझर या दोन वेगळ्या कटकटी नाहीत हेच मला लेखात सांगायचं होतं. आमटी आटवली की खारट होते, मीठ काही वाफेबरोबर जात नाही, तसंच हे. मे महिन्यात आपल्याकडे पूलमधून दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर पाणी उडतं, तुमच्याकडे ते ३२० लिटर. तेवढं तुम्ही बोअरने भरता. बोअरची हार्डनेस (पाण्यातले थर चढवणारे क्षार) ४०० पीपीएम धरली तर रोज १२८ ग्रॅम, महिन्याला पावणेचार किलोच्या वर कॅल्शियमचे क्षार आत आले, बाहेर काहीच गेलं नाही, म्हणजे महिन्याला ८५ पीपीएमची भर.

तेजाब त्यावर मारून काय होतं, तर भिंतीवरचा थर विरघळून परत त्याच पाण्यात जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बसतो. शिवाय तुमच्या पूलच्या काठाला कोटा स्टोन आहे ना? कोटा म्हणजे चुनखडीच, थर ज्याचा बनलाय जवळपास त्याच मालाचा दगड, तेजाब त्याला थराइतक्याच आवडीने खातं. टाइलमधलं ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा माल) पण जातं. काढायचाच असेल तर पाणी टाइल लाइनच्या वीतभर खाली न्या, आधी थरावर लिंबू किंवा व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसलं तर कार्बोनेट आहे आणि निघेल. नाही फसफसलं तर सिलिकेट असू शकतं, त्याला आम्ल सहज लागत नाही. फसफसणाऱ्या थरावर सल्फॅमिक अ‍ॅसिडचं द्रावण ब्रशने लावा, कोट्यावर ओघळू देऊ नका, लगेच धुवा. सिरॅमिक टाइल असेल तर ओला प्युमिस दगड पण चालतो, काचेच्या टाइलवर मात्र ओरखडे पडतात. आणि घाई नसेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे पीएच ७.२ च्या आसपास आणि अल्कलिनिटी ६०-७० ठेवून रोज ब्रश मारणं, काही आठवड्यांत थर आपणहून मऊ पडतो.

त्यासाठी म्युरिअ‍ॅटिक लागेलच, पण पाण्यात, मोजून, पंप चालू असताना. बोअरची अल्कलिनिटी ३०० धरली तर रोजच्या भरण्यापुरतं आठवड्याला सव्वा ते दीड लिटर, ३३ टक्केवालं. एकदम ओतायचं नाही, दोन-तीनदा विभागून. बादलीत आधी पाणी, मग आम्ल, उलटं कधीच नाही. आणि तुमच्या पूलवाल्याला हे आजच सांगा की तेजाब आणि क्लोरीन एका कपाटात ठेवायचं नाही, आणि ज्या फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात) टीसीसीएच्या टॅब्लेट होत्या त्यात कॅल्शियम हायपो (कॅल्शियमवालं कोरडं क्लोरीन) टाकायचं नाही. पहिल्याने क्लोरीनचा विषारी वायू होतो, दुसऱ्याने आग लागते, स्फोट होतो. ब्लीचिंग पावडरचा सल्ला कोणी दिला तर तोही नको, त्यात चुना आहे, थराला आणखी माल.

अजून एक बारकी गोष्ट. टेस्ट किट जी अल्कलिनिटी दाखवतं त्यात स्टॅबिलायझरचा वाटा मिसळलेला असतो. लँगेलिअरचा १९३६ चा इंडेक्स, ज्यावरून पाणी थर चढवेल की ग्राउट खाईल ते कळतं, तो काढताना स्टॅबिलायझरचा एक तृतीयांश त्यातून वजा करायचा. म्हणजे किटवर ११० आणि स्टॅबिलायझर १२० असेल तर कार्बोनेटची खरी अल्कलिनिटी ७०. वर जे ६०-७० म्हटलं ते हे वजा करून उरलेलं.

आता पाण्याचं. जलूदहून (नर्मदेकाठच्या पंपिंग स्टेशनवरून) एवढ्या उंचीवर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी किंवा टँकरचं पाणी पूल बदलायला वापरावं असं मला कधीच वाटलं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. म्हणून पहिलं काम कव्हर घ्या. झाकलेल्या पूलमधलं पाणी फार कमी उडतं, म्हणजे भरणं कमी, कॅल्शियम कमी, आणि ऊन लागत नाही म्हणून क्लोरीनही वाचतं. फक्त बबलवालं कव्हर मुलांना अडवत नाही, कुंपण आणि मोठ्या माणसाची नजर हवीच.

आणि पाणी बदलायचं ते पावसाने. इंदूरला वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तुमच्या पूलच्या उघड्या तोंडावरच चार महिन्यांत २५ हजार लिटरच्या वर पडतं, आणि त्यात ना कॅल्शियम ना स्टॅबिलायझर. चांगल्या पावसाचा अंदाज आला की वेस्ट लाइनने (पाणी बाहेर काढायच्या पाइपने) फूटभर पाणी सोडायचं आणि भरू द्यायचं, परत सोडायचं. तुमचं स्टॅबिलायझर १२० धरलं, तर असं तीनदा केल्यावर ते ५८ होतं. गच्चीचं पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, जाळी लावून वळवता आलं तर पाचदा होईल आणि ३६ वर याल. हार्डनेस पण त्याच प्रमाणात उतरेल. पण पूल पूर्ण रिकामा करू नका. आपली काळी माती पावसात फुगते, खालचं पाणी वर येतं, आणि रिकाम्या पूलला तडे जातात किंवा तो अख्खा उचलला जातो. पावसाचं पाणी फार मऊ असतं, म्हणून मधेमधे अल्कलिनिटी बघून कमी पडली तर खायचा सोडा टाका, नाहीतर ग्राउट झिजेल.

पाऊस येईपर्यंत लिक्विड क्लोरीनच ठेवा, टॅब्लेटवर परत जाऊ नका, आणि स्टॅबिलायझर १२० आहे तोवर फ्री क्लोरीन ९ च्या खाली जाऊ देऊ नका. धबधबा मुलं पाण्यात असतील तेवढाच चालवा.

बोअरच्या पाण्याची हार्डनेस आणि अल्कलिनिटी मी अंदाजाने धरलीय काका. दोन्ही मोजून, पूलचा पीएच आणि ट्यूबवर आलेलं स्टॅबिलायझर असे चार आकडे इथेच खाली टाका, म्हणजे तुमच्या पूलला आठवड्याला नेमकं किती आम्ल लागेल ते काढून देते.