दौंडचा थांबा रद्द झालेला नाही

‘पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या आता दौंडला थांबत नाहीत’ हा मेसेज चुकीचा आहे. यातल्या बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनऐवजी दौंड कॉर्ड लाइन (जंक्शनमध्ये न शिरता दोन मार्ग जोडणारा रूळ) स्थानकावर थांबतात, एवढंच. पुणे आणि मनमाड हे दोन्ही मार्ग जंक्शनमध्ये एकाच बाजूने शिरतात. त्यामुळे तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं, वेळ जायचा. कॉर्ड लाइनवरून गाडी सरळ निघते. सोलापूरकडच्या गाड्यांना ही अडचणच नाही.

तिकिटावरचा कोड बघा: डीडी म्हणजे जंक्शन, डीडीसीसी म्हणजे कॉर्ड लाइन. रिक्षावाल्यालाही नुसतं ‘स्टेशन’ सांगू नका, नाहीतर तो हमखास जंक्शनला सोडेल. शंका असल्यास रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर विचारा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.