हवा नाही म्हणून स्फोट नाही? ॲसिटिलीनबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

वेल्डिंगच्या ज्योतीसाठी ऑक्सिजनसोबत जाळतात त्या ॲसिटिलीन गॅसबद्दल वेल्डिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘ॲसिटिलीनला लोक उगाच घाबरतात. हवेपेक्षा हलका असतो, गळला तरी वर उडून जातो. विषारीही नाही. बंद सिलिंडरमध्ये हवाच नसते, म्हणून आत स्फोट होणं अशक्य. खरा धोका ऑक्सिजनचा. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करा, शेवटपर्यंत मिळतो. जोडणीला तांब्याची नळी घ्या, गंजत नाही.’ आणि शेवटी अर्थातच, ‘सर्वांना पाठवा’.

आधी मधलाच मुद्दा घेतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

‘हवा नाही, म्हणून स्फोट नाही.’ एलपीजीच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. ॲसिटिलीनच्या बाबतीत साफ चूक. दोन कार्बन आणि दोन हायड्रोजनच्या या रेणूतच इतकी ऊर्जा कोंबलेली असते की तो ऑक्सिजनशिवाय फुटतो. उरतो तो हायड्रोजन, काजळी आणि प्रचंड उष्णता. बंद जागेत हे झालं की दाब सुमारे दहापट वाढू शकतो. म्हणून होजमधला, म्हणजे टॉर्चकडे जाणाऱ्या रबरी नळीतला दाब साधारण 1 बारच्या, म्हणजे 15 पीएसआयच्या वर नेत नाहीत. सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचं, म्हणजे दाब कमी करणाऱ्या उपकरणाचं, कमी दाबाचं गेज नीट बघा: बहुतेकांवर 15 च्या पुढचा भाग लाल रंगवलेला असतो. तो रंग शोभेचा नाही.

मग सिलिंडरमध्ये 15-16 बारचा दाब कसा चालतो? कारण तो सिलिंडर पोकळ नसतोच. आत काठोकाठ सच्छिद्र भराव असतो, भरावात ॲसिटोन हा द्रव मुरलेला असतो आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. साध्या दाबाला एक लिटर ॲसिटोन जवळपास 25 लिटर गॅस पोटात घेतं, आणि दाब वाढेल तसा आणखी. भरावाच्या बारीक छिद्रांमुळे एका ठिकाणी विघटन सुरू झालं तरी ते पुढे पसरणं अवघड जातं. ॲसिटोनची युक्ती 1897 च्या सुमाराची, फ्रान्समधल्या जॉर्ज क्लोद यांची. चांगला भराव शोधणाऱ्यांत स्वीडनचे गुस्ताफ डालेन होते. त्यांना 1912 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीत झालेल्या स्फोटात त्यांचे डोळे गेले. या गॅसबद्दल त्यांच्याइतकं कळणारी माणसं तेव्हा जगात मोजकीच होती. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं तरी वाचायला हवं होतं.

हे कळलं की ‘सिलिंडर आडवा करा’ हा सल्ला किती उफराटा आहे ते वेगळं सांगायला नको. आडव्या सिलिंडरमधून गॅससोबत ॲसिटोन बाहेर येतं. ज्योत फुरफुरते, रंग बदलते, रेग्युलेटर आणि होजमधले रबरी भाग खराब होतात. त्याहून वाईट म्हणजे, आत ॲसिटोन कमी पडलं की गॅसला सांभाळून धरणारं काही उरत नाही. वाहतुकीत सिलिंडर आडवा झाला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्यावा, मगच चावी लावावी. उभ्या सिलिंडरमधूनही घाईने गॅस ओढला तर ॲसिटोन येतंच. तासाला एकूण गॅसच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये हा जुना नियम. अलीकडे दहावा हिस्साच धरायला सांगतात. मोठा नोझल लावायचा असेल तर सिलिंडर वाढवा.

‘हलका आहे, उडून जातो.’ हलका आहे, पण किती? हवा 1 धरली तर हायड्रोजन 0.07, मिथेन 0.55 आणि ॲसिटिलीन 0.9. म्हणजे झरझर वर जाण्याऐवजी तो खोलीभर मिसळतो. हवेत अडीच टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि 80 टक्क्यांपर्यंत पेटता राहतो. एलपीजीचा हाच पट्टा साधारण 2 ते 10 टक्के. शिवाय मिथेनला लागते त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी ऊर्जेची ठिणगी याला पुरते. दिव्याचं बटण दाबलं तरी भागतं. बंद गाडीत सिलिंडर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

विषारी नाही, हे मान्य. 1920 च्या दशकात तो भूल द्यायलासुद्धा वापरत. पण कोंदट जागेत तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि गुदमरायला विष लागत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेल-ग्रीस लागू देऊ नये, हेही खरंच. एक धोका खरा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही, इतकंच.

तांब्याची नळी मात्र अजिबात नको. ॲसिटिलीन तांब्याशी संयोग पावून कॉपर ॲसिटिलाइड तयार करतो. हा तांबूस-तपकिरी थर वाळला की घासल्याने किंवा ठोक्यानेही फुटतो. चांदी आणि पाऱ्याचंही तसंच. म्हणून जोडण्या स्टीलच्या, किंवा तांबं 65-70 टक्क्यांहून कमी असलेल्या पितळेच्या. ‘मग टॉर्चचं टोक तांब्याचं कसं?’ असं कुणीतरी विचारणारच. तिथे गॅस साचून राहत नाही, क्षणात पुढे जातो. नळीत तो रात्रभर पडून असतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, ती असायला हवी होती. आगीत सापडलेला किंवा फ्लॅशबॅक झालेला (म्हणजे ज्योत टॉर्चमधून उलटी आत शिरलेला) सिलिंडर बाहेरची आग विझल्यावरही आतून तापत राहू शकतो. त्याला हलवू नका, व्हॉल्व्ह उघडून ‘रिकामा’ करायला जाऊ नका. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला ‘ॲसिटिलीन’ हा शब्द स्पष्ट सांगून बोलवा. ते आडोशामागून पाण्याचा मारा करतात, मग थांबून बघतात. सिलिंडरचा पत्रा ओला राहिला तर ठीक. वाफ निघाली किंवा एखादा डाग भराभर वाळला तर पुन्हा पाणी.