ब्राउझर सुधारला, आता आपणही सुधारा

सकाळी कामाला बसून आपण ब्राउझर उघडता आणि नेहमीच्या पानाऐवजी प्रसन्न रंगांचे एक नवे पान आपले स्वागत करते. ब्राउझर आता पूर्वीपेक्षा वेगवान, सुरक्षित आणि सुंदर झाला आहे, असे त्यावर लिहिलेले असते. उजव्या कोपऱ्यात काल सात चिन्हे होती, आज तीन आहेत. अशा वेळी पुष्कळांना संताप येतो आणि तो सर्वस्वी अनाठायी असतो. सुज्ञ वापरकर्त्याने ते पान शेवटपर्यंत वाचावे, रंगसंगतीला मनोमन दाद द्यावी आणि मगच गेलेली चार चिन्हे कोणती होती हे आठवण्याचा प्रयत्न करावा. ती आठवली नाहीत, तर आपल्याला त्यांची गरज नव्हती हे ब्राउझर बनवणाऱ्यांचे मत खरे ठरले. आठवली, तर दोष आपल्या स्मरणशक्तीचा आहे. ती अजून अपडेट झालेली नाही.

यानंतर एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे ब्राउझरला आपल्या सोयीची जादा कामे शिकवणाऱ्या, कोपऱ्यातल्या चिन्हांमागच्या छोट्या जोडप्रोग्रॅमच्या यादीत जावे. तेथे आपले लाडके एक्स्टेन्शन फिकट करड्या रंगात पडलेले दिसेल आणि त्याच्याखाली एक ओळ असेल: ‘हे एक्स्टेन्शन बंद करण्यात आले आहे.’ शाळेत कर्मणी प्रयोग कशासाठी शिकवतात हे ज्यांना कधीच उमगले नाही, त्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. बंद कोणी केले, कोणाला विचारून केले आणि आदल्या रात्रीपर्यंत बिनतक्रार चालणाऱ्या गोष्टीत रातोरात काय बिघडले, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या वाक्यात उभे राहायला जागा नाही. खाली ‘अधिक जाणून घ्या’ असा दुवा असतो. त्यावर जरूर जावे, कारण हेच वाक्य तेथे तीन परिच्छेदांत वाचायला मिळते.

आपल्या दुःखाला इतिहास आहे हे कळले की मन थोडे हलके होते, म्हणून थोडा इतिहासही जाणून घ्यावा. फायरफॉक्स या ब्राउझरची चौथी आवृत्ती मार्च २०११ मध्ये आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नववी आली. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायची असे धोरण ठरले होते. त्या काळी प्रत्येक एक्स्टेन्शनच्या पोटात एका फाइलमध्ये ‘मी अमुक आवृत्तीपर्यंत चालतो’ असा एक आकडा लिहिलेला असे. ब्राउझरचा आकडा त्याच्या पुढे गेला की एक्स्टेन्शन कालबाह्य ठरे, मग आत एका ओळीचाही फरक पडलेला नसो. तेव्हाचे जाणते लोक काय करीत, तर ते एक्स्टेन्शन झिप फाइलसारखे उघडीत, त्या आकड्याच्या जागी ९९ सारखा काहीतरी उदार आकडा लिहीत आणि पुन्हा बसवीत. बहुतेक वेळा ते बिनबोभाट चाले. पुढे जानेवारी २०१२ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून ब्राउझरने स्वतःच बहुतेक एक्स्टेन्शन्स चालणारी मानायला सुरुवात केली. थोडक्यात, जे वापरकर्ते वर्षभर चोरून करीत होते तेच अधिकृत झाले. वापरकर्त्याचे म्हणणे ऐकले गेल्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे; सवय लागू नये म्हणून त्यावर फार वेळ रेंगाळू नये.

खरा धडा नोव्हेंबर २०१७ चा आहे. त्या महिन्याच्या १४ तारखेला आलेल्या सत्तावन्नाव्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सगळीच एक्स्टेन्शन्स एका फटक्यात निवृत्त केली. तशी कल्पना ऑगस्ट २०१५ मध्येच देण्यात आली होती, म्हणजे कोणी अंधारात ठेवले असेही म्हणता येत नाही. यात क्लासिक थीम रिस्टोरर नावाचे एक एक्स्टेन्शन होते, त्याची कुंडली अभ्यासण्याजोगी आहे. एप्रिल २०१४ च्या एकोणतिसाव्या आवृत्तीने ब्राउझरचा चेहरामोहरा बदलला. तो ज्यांना रुचला नाही त्यांना जुना चेहरा परत देणे हे या एक्स्टेन्शनचे काम होते. एका अपडेटच्या जखमेवर बांधलेली पट्टी पुढच्या अपडेटने काढून घेतली आणि जखम आता दिसत नाही असे जाहीर केले. माझी खंत वेगळीच आहे. ब्राउझरवाल्यांचे म्हणणे बरेचसे खरे होते. जुनी एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या आतड्यांपर्यंत हात घालू शकत होती, त्यांच्यामुळे ब्राउझर अनेक स्वतंत्र प्रक्रियांमध्ये विभागणे अवघड जात होते आणि एखाद्या दुष्ट एक्स्टेन्शनला अडवायला फारसे काही नव्हते. समोरचा संपूर्ण चुकीचा असता तर निदान भांडणाचे सुख मिळाले असते. तो बराचसा बरोबर असल्यामुळे तेही नाही.

म्हणूनच आपण ‘सुरक्षितता’ या शब्दापुढे नम्र व्हायला शिकावे. हा शब्द ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. आपले टॅब एका बाजूला उभ्या रांगेत दिसावेत असे आपल्याला वाटते, ही असुरक्षितता आहे. उजव्या बटणाच्या मेनूत आपल्या सोयीची एक ओळ असावी, हीदेखील आहे. आपण फक्त मान डोलवावी. शंका आलीच, तर ४ मे २०१९ या दिवसाचे स्मरण करावे. त्याच्या तीन-चार वर्षे आधी फायरफॉक्सने असा नियम आणला होता की, प्रत्येक एक्स्टेन्शनवर अधिकृत डिजिटल सही हवी, नसेल तर ते चालणार नाही, आणि सर्वसामान्य आवृत्तीत ही तपासणी वापरकर्त्याला बंद करता येणार नाही. नियम उत्तम होता. त्या दिवशी मात्र ज्या प्रमाणपत्राच्या आधारावर या सह्या तपासल्या जात, त्याचीच मुदत संपली. नूतनीकरण करायचे राहून गेले होते. परिणामी जगभरातील वापरकर्त्यांची एक्स्टेन्शन्स सहीविना असल्यासारखी बंद पडली. द्वारपालाने स्वतःचे ओळखपत्र हरवले आणि म्हणून घरातल्या सर्वांना बाहेर काढले, असा तो प्रकार होता. ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठी असलेल्या, फायरफॉक्सवर आधारलेल्या टॉर ब्राउझरमधील नोस्क्रिप्ट हे पानांवरचे प्रोग्रॅम अडवणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ज्याच्या भरवशावर काही लोक खरोखरच आपली सुरक्षितता सोपवून बसले होते, तेही बंद पडले. सुरक्षिततेच्या नियमाने सुरक्षिततेचे एक्स्टेन्शन बंद करावे, यापेक्षा परिपूर्ण सुरक्षितता आम्हाला तरी सुचत नाही.

पुढचा भाग त्याहून गोड आहे. तातडीची दुरुस्ती ज्या मार्गाने पाठवली गेली, तो मार्ग फायरफॉक्सच्या प्रयोगांचा, म्हणजे नव्या गोष्टी वापरकर्त्यांकडे अजमावून पाहण्याचा होता, आणि तो चालू असण्यासाठी वापराची माहिती गोळा करण्याची परवानगी द्यावी लागे. ज्यांनी खासगीपणाच्या आग्रहाने ती परवानगी काढून घेतली होती, त्यांना दुरुस्ती हवी असेल तर आधी ती द्या असे सांगण्यात आले. नंतर कंपनीने त्या दिवसांत गोळा झालेली माहिती पुसून टाकण्याचे ठरवले, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरीही ज्यांचा जन्म सेटिंग्ज बंद करण्यात गेला, त्यांनी त्या शनिवारी एकेक सेटिंग पुन्हा चालू केले असेल, ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे आणि आपल्या करड्या झालेल्या चिन्हाचे दुःख त्यात विरघळू द्यावे.

क्रोम वापरणाऱ्यांनी यावर हसू नये. गूगलने २०१८ मध्ये एक्स्टेन्शन्ससाठी मॅनिफेस्ट व्ही-३ नावाची नवी चौकट मांडली, २०२४ मध्ये जुन्या चौकटीतली एक्स्टेन्शन्स बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ते काम पूर्ण केले. पूर्वी जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन पान उघडताना बाहेरून मागवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे स्वतः पाहून, ‘ही जाऊ दे, ही नको’ असे ठरवू शकत असे. नव्या चौकटीत त्याने आपल्या नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. अशा नियमांची मर्यादा सुरुवातीच्या आराखड्यात ३०,००० होती. ओरड झाल्यावर ती वाढवली गेली. यूब्लॉक ओरिजिनसारखे जाहिराती अडवणारे लोकप्रिय एक्स्टेन्शन या चौकटीत मूळ रूपात बसत नाही, म्हणून त्याची ‘लाइट’ नावाची सौम्य आवृत्ती आली. या बदलाची कारणे वेग, सुरक्षितता आणि खासगीपणा ही सांगण्यात आली, आणि गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडणे असभ्यपणाचे आहे. सभ्य वाचकाने त्या दोन वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. मी त्या एकाच वाक्यात लिहिल्या, ही माझी चूक झाली.

मोबाइलवर फायरफॉक्स वापरणाऱ्यांची कथा थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये ॲन्ड्रॉइडवरचा ब्राउझर नव्याने लिहिला गेला, एक्स्टेन्शन्स मोजकीच उरली आणि दार पुन्हा सर्वांसाठी उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधली तीन वर्षे धीराचा अभ्यास करण्यासाठी होती.

आता संताप ओतायचा कोठे, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीला तारे देता येत नाहीत आणि तिचा दूरध्वनी लागत नाही. तेव्हा आपण त्या एक्स्टेन्शनच्या पानावर जावे आणि त्याच्या लेखकाला एक तारा द्यावा. हा लेखक बहुधा नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकटात हे काम करीत असतो. गेली सहा वर्षे त्याने आपल्याकडून एक पैसाही घेतलेला नसतो आणि आपणही त्याला कधी दोन शब्द लिहिलेले नसतात. ब्राउझरने त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली हे आपल्याला ठाऊक असते, परंतु तो हाताशी सापडतो आणि कंपनी सापडत नाही, या न्यायाने दोषी तोच ठरतो. तक्रार लिहिताना ‘आधी चालत होते, आता चालत नाही’ एवढेच लिहावे. आवृत्ती, संगणकप्रणाली, दिसलेला संदेश असे तपशील देऊन त्याचे काम सोपे करू नये. आठवड्याने पुन्हा जाऊन ‘अजून दुरुस्त झाले नाही, निषेध’ अशी भर घालावी. मीही एकदा असा तारा दिला होता. चार महिन्यांनी त्या लेखकाने एक्स्टेन्शन मुळापासून पुन्हा लिहून आणले आणि माझ्या ताऱ्याखाली, वापरून पाहावे, अशी विनंती केली. मी वापरले, ते चालले, आणि तारा बदलायचा तेवढा राहून गेला.

तोपर्यंत पर्यायी एक्स्टेन्शन शोधावे. त्याच नावाची, तशाच चिन्हाची, किंचित वेगळ्या शुद्धलेखनाची चार-पाच एक्स्टेन्शन्स सापडतील. त्यांतील एक निवडले की ते ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ एवढीशी परवानगी मागेल. सुरक्षिततेसाठी जुने गेले असल्यामुळे नव्याला ती निःशंक मनाने द्यावी. (द ग्रेट सस्पेंडर हे निष्क्रिय टॅब झोपवून ठेवणारे एक्स्टेन्शन मूळ लेखकाकडून दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. बंद केले हे योग्यच झाले. पण त्याने झोपवलेले टॅब जागे होण्याआधीच नाहीसे झाले आणि महिनोन्महिने ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेल्या पानांचा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत कायमचा सुटला.)

काही हट्टी मंडळी या सर्वांवर उपाय म्हणून छुप्या सेटिंग्जच्या पानावर जातात. फायरफॉक्समध्ये हे पान उघडताना पूर्वी ‘यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते’ असा इशारा येत असे. फुकट मिळालेल्या ब्राउझरची वॉरंटी गमावण्याच्या कल्पनेने ज्यांचे हात थरथरले, ते आदर्श वापरकर्ते होत. इतरांनी ‘मी काळजी घेईन, वचन देतो’ अशा अर्थाचे बटण दाबले आणि आत जाऊन काळजी घेतली नाही. त्यांनी तेथे जतन केलेली सेटिंग्ज पुढच्या एखाद्या आवृत्तीत मुकाट्याने निकामी होतात. सेटिंग तेथेच राहते, बदलताही येते, फक्त तिचे कोणी ऐकत नाही.

राहता राहिला अपडेटच नाकारण्याचा मार्ग. तो धोक्याचा आहे असे मी गांभीर्याने सांगतो, कारण दर अपडेटबरोबर सुरक्षेतील खरीखुरी छिद्रेही बुजवली जातात आणि जुना ब्राउझर घेऊन इंटरनेटवर हिंडणे म्हणजे दार सताड उघडे टाकून झोपणे होय. तरीही मोह आवरत नसेल, तर जुन्या लॅपटॉपवर आपल्या आवडीची आवृत्ती बसवावी, सातही एक्स्टेन्शन्स जशीच्या तशी लावावीत आणि चोरपावलांनी अपडेट येऊ नये म्हणून त्याचे वाय-फाय कायमचे बंद करावे. माझ्याकडे असा एक लॅपटॉप आहे. त्यात टॅब डाव्या बाजूला उभ्या रांगेत दिसतात, सातही चिन्हे कोपऱ्यात ठळक रंगांत उभी आहेत आणि जाहिरात तर औषधालाही सापडत नाही. पान मात्र एकही उघडत नाही.