पात्यावर 1907 आहे, मग मी 1916 का म्हणतो?

नमस्कार. एवढं मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप असे: पात्यावर 1907 स्वच्छ वाचता येत असताना मी मागच्या लेखात एका कुटुंबाकडची ही संगीन 1916 ची ठरवली, पातं जेमतेम बारा इंचांचं असूनही तिला अस्सल म्हटलं, आणि मुठीच्या टोकावरचा आकडा त्या कुटुंबातल्या आजोबांचा फौजेतला नंबर आहे, हे कुटुंबाचं म्हणणं मी उचलून धरलं नाही.

आधी 1907. हे साल नमुन्याचं आहे. आखूड ली-एन्फिल्ड रायफलीसाठी ब्रिटिशांनी हा नमुना ठरवला आणि पुढे बनलेल्या संगिनींवर तेच साल उमटत राहिलं. प्रत्यक्ष कधी बनली ते खालच्या बारीक ओळीत असतं: आधी महिना, मग सालाचे शेवटचे दोन अंक. इथे 5 आणि 16 आहेत, त्याखाली बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीचं नाव. म्हणजे मे 1916.

ती ओळ पुसट आहे, तिच्यावर विसंबायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. ठीक आहे, ती बाजूला ठेवू. मुकुटाखालची 'जी आर' ही अक्षरं तर तुम्हीही वाचली आहेत. ती पाचव्या जॉर्जची. 1907 मध्ये गादीवर सातवा एडवर्ड होता. तो मे 1910 मध्ये वारला आणि मग जॉर्ज राजा झाला. एडवर्डच्या काळातल्या पात्यांवर 'ई आर' असतं. जॉर्जची अक्षरं असलेलं पातं 1907 मध्ये बनणं शक्यच नाही. मुठीच्या आडव्या पट्टीला हूक नाही, हेही याच्याशी जुळतं. 1913 मध्ये नव्या संगिनींवरचा हूक बंद झाला. अर्थात जुन्या संगिनींचे हूकही पुढे कापले गेले, त्यामुळे नुसत्या या खुणेवर मी साल ठरवणार नाही.

लांबीचं म्हणाल, तर मूळ पातं 17 इंचांचं, हे तुमचं बरोबर. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात अशी कितीतरी पाती कापून साधारण बारा इंचांची केली गेली. लेखातला फोटो मोठा करून पात्याच्या बाजूची पन्हळ पाहा. न कापलेल्या पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते. इथे ती थेट टोकापर्यंत गेली आहे. पातं बनल्यानंतर पुढचा तुकडा काढून नवं टोक घडवलं, म्हणूनच असं दिसतं. याला बनावट म्हणणं अन्यायाचं आहे. हे फौजेनंच केलेलं काम आहे, आणि माझ्या मते या संगिनीची सर्वांत मोलाची खूण तीच.

मुठीवरच्या आकड्याबद्दल मी आजही सावधच राहीन. संगीन सरकारी मालकीची असे आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाई. असे आकडे बहुधा पलटणीच्या शस्त्रागारातल्या नोंदीचे असतात. 1916 मध्ये बनून पुढच्या महायुद्धापर्यंत वापरात राहिलेल्या संगिनीवरचा आकडा एकाच शिपायाचा मानायला पुरावा हवा. आजोबांच्या पेन्शनच्या किंवा सेवेच्या कागदावर तोच आकडा सापडला, तर मी आनंदानं तसं लिहीन. त्यांच्या नोकरीबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आता पातं घासून घ्यावं या तुमच्या सूचनेबद्दल, आणि इथे मी कळकळीनं विनंती करतो. पातं घासून चकचकीत करायला कुणालाही सांगू नका. तपासनिसांचे ठसे फार उथळ असतात. पॉलिश पेपरनं गंजाबरोबर तेही जातात आणि पुन्हा मिळत नाहीत. पातळ तेल लावून मऊ कापडानं पुसावं, बस. ठसे वाचायचे तर खोलीत अंधार करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. समोरून सपाट दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून येतात.

कुटुंबाकडून पात्याच्या दुसऱ्या बाजूचा असाच फोटो मी मागवला आहे. तिथे बाणाची सरकारी खूण आहे. तिच्यासोबत 'आय' हे अक्षर दिसलं, तर ही संगीन हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती हे नक्की होईल. फोटो आला की मूळ लेखात टाकतो.