चिमटीतली रेघ

मोबाईलवर ठिपक्यांच्या रांगोळीचं अ‍ॅप करायचं मी वसुबारसेला ठरवलं आणि पाडव्याला तुझ्या हातात देतो, असं आईला सांगूनही बसलो. रेघच तर ओढायची! बोट जाईल तिकडे रेघ जाईल, त्यात काय एवढं, असं वाटायला या धंद्यात दहा वर्षं काढावी लागतात.

पहिला गोल काढला, तर उमटला अष्टकोन. बोट सलग फिरतं, पण त्याची खबर अ‍ॅपला तुटक मिळते. माझ्या फोनवर सेकंदाला साधारण ६० वेळा. बोट सेकंदात ६० सेंटिमीटर धावलं की दर सेंटिमीटरला एक बिंदू, आणि मधे मी जोडलेली सरळ काठी. त्यातून अँड्रॉइड मधले बिंदू एकाच निरोपात गठ्ठ्याने पाठवतं, हे मला धनत्रयोदशीच्या रात्री कळलं. तोवर मी गठ्ठ्यातला शेवटचा तेवढा घेऊन बाकीचे इमानेइतबारे फेकत होतो.

मग काठ्यांऐवजी गुळगुळीत वळण देणारा बेझिए वक्र आणला. या वक्राचं गणित सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत द कास्टेलजो यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं, पण कंपनीने ते कुलपात ठेवलं. रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीतल्या बेझिएंनी आपलं काम छापलं आणि नाव त्यांचं झालं. (फराळ एकीने करायचा आणि कौतुक ताट वाढणारीचं, हे आमच्या घरात दरवर्षी घडतं.) युक्ती अशी, की दोन बिंदूंच्या मध्यावरून रेघ न्यायची आणि खऱ्या बिंदूने तिला फक्त आपल्याकडे ओढायचं. रेघ लोण्यासारखी आली. मी फोन आईपुढे धरला.

आईने चष्मा लावला, सवयीने अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट केली आणि ठिपक्यावर टेकवून सोडली. ठिपका सुपारीएवढा झाला.

"अरे, हे फुगलं का?"

"आई, दोन बोटं लावली की ते मोठं होतं. एकच बोट लाव."

"एका बोटाने रांगोळी? ते काय चटणी चाटायचंय?"

झूम काढून टाकला. आता तिने चार ठिपके जोडून चौकट काढली. चारही कोपरे गोल होऊन तिचा पेढा झाला. "मी ठिपक्यातून नेतेय आणि तुझी रेघ ठिपक्याला टाळून जातेय. भांडण आहे का त्यांचं?"

भांडण नव्हतं, गणित होतं. रेघ मध्यावरून जाणार, म्हणजे कोपऱ्यावरच्या बिंदूला ती शिवणारच नाही. म्हणून कॅटमल-रॉम वक्र घेतला. तो प्रत्येक बिंदूतून जातो, अगदी हात थरथरला तिथूनसुद्धा. आईची सरळ रेघ कुरडईसारखी दिसू लागली. कंप घालवायला मागच्या काही बिंदूंची सरासरी घेतली, तर रेघ बोटाच्या मागून रमतगमत यायला लागली. "ही मागे का राहते? बोलाव तिला," आई म्हणाली.

थरथर कुठली आणि मुद्दाम घेतलेलं वळण कुठलं, हे यंत्राला कसं सांगणार? शेवटी वेगावर सोडलं: बोट हळू असेल तर सरासरी जास्त, जोरात असेल तर कमी. पण आई कोपऱ्यावर येऊन नेमकी थांबते, विचार करते, मग वळते. म्हणजे कोपऱ्यालाच सगळ्यात जास्त इस्त्री. स्वस्तिकाचं जास्वंद झालं.

पाडव्याच्या सकाळी दार सारवल्यासारखी कोरी स्क्रीन तिच्या हातात दिली. दोन रेघा बऱ्या आल्या, तिसरी चुकली. मी चार-पाच दिवस जीव ओतून बनवलेलं 'मागे घ्या'चं बटण वरच्या कोपऱ्यात चमकत होतं. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने पदर बोटाला गुंडाळला आणि स्क्रीन खसाखसा पुसली.

पातळ सुती पदराआडूनही बोट लागलं. चार-पाच दिवसांत माझ्या अ‍ॅपमध्ये उमटलेली ती सगळ्यात सुबक रेघ होती.