दोरी, सुकती आणि जोडीची शर्यत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कोकणातल्या दाभोळच्या जोडीच्या शर्यतीवरच्या (सायकल, मग कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, मग नकाशा घेऊन पायी) माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. बुरोंडीच्या पुढच्या चढावर मी माझ्या आतेबहिणीची, म्हणजे ताईची, सायकल दोरीने ओढली, म्हणजे तेवढा पल्ला तिने मारलाच नाही. पुढे दाभोळच्या काठावर आम्ही जवळपास तासभर बसून राहिलो, त्यावर तुम्ही विचारलंत, 'ही शर्यत होती की सहल?' आणि शेवटी लिहिलंत की दमदार गड्याने कच्च्या गड्याला नेऊन पोचवायचं, याला खेळ म्हणू नये. तुम्ही कित्येक वर्षं मॅरेथॉन धावता, तेव्हा हे मत कुठून आलं ते मला समजतं. पण मला ते पटत नाही.

मॅरेथॉनमध्ये घड्याळ एका माणसाचं असतं. जोडीच्या शर्यतीत ते जोडीचं असतं, आणि नियमच तसे केलेले असतात. आमच्या शर्यतीत दोघींपैकी एक जरी वाटेतल्या नोंदीच्या ठाण्यावर पोचली नाही तरी वेळेची नोंद होत नव्हती. ही काही आमच्याकडची पळवाट नाही. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये 'रेड गोलुआज' ही संघांची साहसी शर्यत झाली, तेव्हापासून या खेळात अख्खा संघ एकत्र पोचणं हाच कणा आहे. स्वीडनमध्ये २००६पासून 'ओटिलो' ही बेटाबेटांवरून पोहत आणि धावत जायची शर्यत होते, सुमारे ७५ किलोमीटरची, दोघादोघांच्या जोडीने. तिथे पाण्यात जोडीदारांमध्ये १० मीटरपेक्षा जास्त आणि जमिनीवर १०० मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. एकमेकांना दोरीने बांधून घेणाऱ्या जोड्या तिथे सर्रास दिसतात, आणि त्यांना कोणी लबाड म्हणत नाही.

आता बुरोंडीचा चढ. कर्द्याहून लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला जाणारा रस्ता तुम्ही सायकलने केला असेल तर आठवून पाहा. गावं खाली समुद्राला लागून, मधला रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. म्हणजे उतरलात की चढा, चढलात की उतरा. सड्यावर झाड नाही, जांभ्याचा कातळ खालून भाजतो, आणि हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही. ताईच्या पोटरीत गोळा आला तो तिथे. मी माझ्या सीटखालच्या दांड्याला लवचिक दोरी बांधली, दुसरं टोक तिच्या हँडलला अडकवलं. ती पाय मारतच होती. दोरीने तिच्या वजनातला थोडा भार माझ्यावर आला, इतकंच. मी एकटीच वर गेले असते तर माथ्यावर तिची वाट बघत उभी राहिले असते, आणि माझ्या पायांतली ताकद तिथे कोणाच्याच कामाला आली नसती. जिच्याकडे त्या क्षणी जास्त आहे तिने ते जोडीच्या खात्यात घालायचं. यासाठी सराव लागतो : ओढणारीने झटका न देता एका लयीत चालवायचं, मागचीने ब्रेकवर बोट ठेवून दोरी ढिली पडू द्यायची नाही. आम्ही महिनोन् महिने याची तालीम केली होती.

आणि ताई कच्ची गडी, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. तिचं बालपण दाभोळात गेलं, वल्हं ती चालायला लागल्यापासून हाताळते. तुम्ही ज्याला बसून राहणं म्हणता तो निर्णय तिचा होता आणि त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

त्या दिवशी द्वादशी होती. किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. बारा तिथी, म्हणजे नऊ वाजता भरती, आणि सव्वासहा तासांनी, सव्वातीनच्या सुमारास, तळ, म्हणजे पूर्ण ओहोटी. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. वाशिष्ठी नदीच्या खाडीचं पाणी अजून समुद्राकडे ओढत होतं आणि आम्हाला कयाकने खाडीच्या आत, वरच्या अंगाला जायचं होतं. वर दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून सुटलेला. पाणी एका दिशेने, वारा बरोबर त्याच्या उलट, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. बसकी कयाक त्यात नुसती आदळत राहते. तेच पाणी एकदा फिरलं की भरती आणि वारा दोन्ही पाठीमागून ढकलतात.

तुम्ही आकड्यांचे माणूस आहात, म्हणून आकडे मांडते. समजा स्थिर पाण्यात आमचा वेग ताशी ५ किलोमीटर, पाण्याची ओढ ३, आणि जायचंय ६ किलोमीटर. लगेच निघालो तर पहिल्या तासात जेमतेम २ किलोमीटर. मग पाणी फिरलं आणि ताशी ८ने गेलो तर उरलेल्या ४ किलोमीटरना अर्धा तास. एकूण दीड तास. थांबून निघालो तर एक तास वाट आणि पाऊण तास वल्हं, म्हणजे पावणेदोन. कागदावर पंधरा मिनिटं आमच्या विरोधात जातात, हे मी मान्य करते. पण त्या पंधरा मिनिटांसाठी एक तास उलट्या पाण्यात हात तोडून घ्यायचे, भिजायचं, कदाचित उलटायचं, आणि मग पलीकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची, तीही गोळा आलेल्या पायाने? आमच्या आधी निघालेली एक जोडी आमच्या डोळ्यांदेखत परत काठाला लागली. ताईने तो तास पाय लांब करून काढला, मीठ घातलेलं आमसुलाचं पाणी घोट घोट प्यायली, गूळ-शेंगदाणे खाल्ले. जे आम्हाला कुठेतरी करावंच लागणार होतं, ते तिने जिथे सगळ्यात स्वस्त पडेल तिथे केलं.

ती घड्याळाकडे बघतच नव्हती. खाडीत आत तळ समुद्रापेक्षा उशिरा येतो, आणि पाणी उतरायचं थांबलं तरी ओढ काही वेळ बाहेरच असते, त्यामुळे भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेवर ती विसंबत नाही. तिची नजर नांगरलेल्या होड्यांवर होती. सुकतीत, म्हणजे ओहोटीचं पाणी उतरत असताना, सगळ्यांच्या नाळी (पुढची टोकं) खाडीच्या आतल्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे. बराच वेळ काही हललं नाही. मग काठालगतची एक लहान होडी आडवी झाली, तिचा दोर सैल पडला. ताई म्हणाली, "बूट घाल." आम्ही कयाक पाण्यात ढकलली तोवर मधल्या मोठ्या होड्याही वळायला लागल्या होत्या. ही विद्या माझ्याकडे नाही. ती माझ्याकडे नसताना मी एकटी त्या खाडीत उतरले असते तर मला कोणी ओढून नेलं असतं?

पाखाडी चढून गेल्यावर, वरच्या सड्यावरही तेच झालं. फोन बंद, हातात नकाशा आणि होकायंत्र, आणि चहूकडे सारखेच दिसणारे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं. एकीने नकाशावरचं बोट सोडायचं नाही आणि दुसरीने पावलं मोजायची. बोलत राहायचं, शंका आली तर लगेच बोलून दाखवायची. तिथे ती माझ्यापेक्षा ताजी होती आणि पिशवीतलं पाणी तिने स्वतःच्या पाठीवर घेतलं. त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. एकट्याची क्षमता किती, हे अशा शर्यतीतून कळत नाही. ते जाणून घ्यायचं तर एकट्याच्या गटात उतरावं, आणि त्या गटात धावणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. आम्ही नाव दिलं होतं ते दुसऱ्या गटात.

तुम्ही जाता जाता विचारलंत की दोरीने दोघी एकदम पडल्या असत्या तर? रास्त प्रश्न आहे. दोरी फक्त चढावर, तीही वाहनं नसलेल्या पट्ट्यात. मागचीच्या हँडलला गाठ कधीच मारायची नाही, नुसता फास अडकवायचा, म्हणजे एका बोटाने सुटतो. माथा दिसला की मागची "सोडते" म्हणून ओरडते आणि उतार लागायच्या आत दोरी पुढचीच्या खिशात गेलेली असते. सराव करायचा असेल तर आधी मोकळ्या मैदानात करा, आणि पहिल्यांदा स्वतः मागे बसा.